चार नंबरचं पाणी

विनिता ढवळेला राग आला की ती आधी चष्मा पुसते. त्या मंगळवारी सकाळी तिने तो तीनदा पुसला, तरी समोरचे आकडे काही बदलेनात. सव्वीस. सव्वीस. सव्वीस. जूनमध्ये सव्वीस, ऑक्टोबरच्या उन्हात सव्वीस, आणि जानेवारीत, जेव्हा डोंबिवलीकरसुद्धा हौसेने स्वेटर बाहेर काढतात, तेव्हाही सव्वीस. तीन वर्षांत चार नंबरच्या ओहोळाचं पाणी म्हणे ना कधी तापलं, ना कधी गारठलं.

ठाण्याच्या नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर तिची प्रयोगशाळा होती. तिची म्हणजे मालकीची नव्हे. मालक महेंद्र सर, आणि पाणी तपासणारी मुख्य बाई विनिता. आंबिवलीच्या पलीकडे, डोंगराला टेकून खैरोंडीचं धरण आहे. आसपासच्या गावांना आणि शहराच्या एका कोपऱ्याला तिथून पाणी जातं. धरणाला पाच ओहोळ येऊन मिळतात. कुठला ओहोळ किती माती आणतो आणि त्या मातीबरोबर किती खत, हे मोजायचं, एवढंच काम. माती तळाशी बसली की धरण उथळ होतं. खत पाण्यात उतरलं की उन्हाळ्यात वर हिरवी साय धरते, नळाला शेवाळाचा वास येतो आणि लोक सकाळी सकाळी शिव्या घालतात.

पाच ओहोळांवर पाच गावकरी नेमलेले. पावसात दर बुधवारी, पाऊस सरला की महिन्यातून एका बुधवारी बाटली भरायची, थर्मामीटर पाण्यात धरून आकडा कार्डावर लिहायचा आणि दोन्ही दौलतच्या हवाली करायचं. दौलत शहाडचा, जीपवाला. पाचही गावं फिरून, बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून तो संध्याकाळपर्यंत नौपाड्यात हजर व्हायचा. गप्पिष्ट माणूस, पण बाटली कधी फोडली नाही त्याने.

आता या आकड्यांवर आयत्या वेळी नजर जायचं कारण असं, की शुक्रवारी धरण समितीची बैठक होती. या वर्षी एकाच ओहोळावर दगडी बांध घालायचे आणि काठाने गवताचे पट्टे लावायचे, असं ठरलेलं. कुठल्या ओहोळावर, ते विनिताचा तक्ता सांगणार होता. तक्ता सांगत होता दोन नंबर. तिथे गोठे होते, पाणी बऱ्यापैकी गढूळ यायचं. आणि चार नंबर? चार नंबर म्हणजे वर्गातला पहिला मुलगा. माती नाही, खत नाही, काही नाही. महेंद्र सर कोणी पाहुणे आले की तीच बाटली उजेडात धरून दाखवायचे. तिथे बाटली भरणाऱ्या भागीरथीमावशींना विनिताने गेल्या दिवाळीला स्टीलचा डबा भरून घरचा चिवडा पाठवला होता. कौतुकाने, स्वतः भाजून.

तो चिवडा आता तिच्या डोक्यात गेला. म्हणजे ही बाई ओहोळावर जातच नाही तर! घरी बसून बाटलीत हंड्यातलं पाणी ओतते आणि कार्डावर सव्वीस ठोकून देते. तीन वर्षं आपल्याला खुळ्यात काढलं.

"एका रकान्यात तापमान चुकलं म्हणून काय आभाळ कोसळलं का?" महेंद्र सर म्हणाले. "सही कर आणि मोकळी हो."

"सर, कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे ना. शुक्रवारनंतर बघू."

विनिता गप्प बसली. पण ती गप्प बसली म्हणजे ऐकलं असं नसतं, हे सरांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. दुसरा दिवस बुधवार, नोव्हेंबरचा शेवटचा. बाटल्या भरायचा दिवस. पहाटेच ती दौलतच्या जीपमध्ये जाऊन बसली, पर्समध्ये स्वतःचं थर्मामीटर घेऊन.

"मॅडम, तुम्ही? आज कसं काय?" दौलत म्हणाला.

"सरळ चार नंबरला चल. आणि मावशींना फोन करायचा नाही."

दौलतला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. वाटेत त्याने दोनदा मावशींची तारीफ करून पाहिली. "मावशीचं पाणी म्हणजे मॅडम, डायरेक्ट प्यावं असं." त्यावर विनिताने खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याने गाणी लावली.

चार नंबरचं गाव म्हणजे धरणाच्या काठावरची वीस-बावीस घरं. मूळची कोळी माणसं, नदीवर मासे धरणारी. आता धरणात जाळी टाकतात. जिथे ओहोळ धरणाला मिळतो तिथे जुना घाट आहे. दौलत बाटली वरच्या रस्त्यावरच घ्यायचा, घाटावर तोही कधी उतरला नव्हता. जीपमधून उतरून विनिता आधी तिथेच गेली आणि तिने कपाळाला हात लावला.

ओहोळ लाल होता. पाऊस संपून दीड महिना उलटला तरी पाणी गेरू कालवल्यासारखं. वरच्या अंगाला डोंगर कापून कोणीतरी बंगल्यांचे प्लॉट पाडत होतं. मातीचे डंपर ओहोळातूनच ये-जा करत होते आणि त्यांची घरघर इथपर्यंत ऐकू येत होती. विनिताने वाकून थर्मामीटर धरलं. साडेवीस. पाण्यात हात घातला तर बोटं गार पडली. आणि इथलं पाणी म्हणे सव्वीस, आणि म्हणे स्वच्छ!

रागाने तणतणत ती भागीरथीमावशींच्या घरी गेली. आता बाई चुलीपुढे सापडणार, समोर बाटली असणार, मग बघतेच. दारात त्यांची सून नंदा सुकट निवडत बसली होती.

"आईंना बोलवा जरा."

"आई नाय घरान. पानी आनाला गेलीय. आताच गेली ती." नंदाने डोंगराकडे हात केला. "वरती. तास तरी लागंल यायला."

विनिताचा राग जागच्या जागी अडखळला. ओहोळ इथे, दहा पावलांवर. आणि बाई तासभर वर कुठे गेली?

पायवाट चांगलीच चढणीची निघाली. विनिताच्या चपला तिथल्या नव्हत्या. दोनदा घसरली, एकदा करवंदीत अडकली, दम लागला तशी मनातल्या मनात सरांना, दौलतला, समितीला सगळ्यांना बोलून झालं. प्लॉट मागे राहिले. डंपरचा आवाज मागे राहिला. अर्ध्या-पाऊण तासाने एका उंबराखाली कातळातून पाण्याची बोटभर धार पडताना दिसली, आणि धारेखालच्या कुंडीशी उकिडव्या बसलेल्या भागीरथीमावशी. सत्तरीच्या आसपासचं वय. कासोटा मारलेला, डोक्यावर पदर, बाजूला धुऊन पालथी घातलेली बाटली. कुंडीत थर्मामीटर धरून त्या तोंडाने आकडे मोजत होत्या. तीनशेपर्यंत मोजायचं, म्हणजे पाच मिनिटं होतात, असं विनितानेच पहिल्या दिवशी पाचही जणांना प्रयोगशाळेत बोलावून शिकवलं होतं.

दोनशे नव्वदला त्यांनी मान वर केली, विनिताला पाहिलं, पण मोजणं सोडलं नाही. तीनशे झाल्यावर थर्मामीटर डोळ्यांशी नेलं, कार्डावर गिरवून गिरवून सव्वीस लिहिलं आणि मगच हसल्या.

"तू कवा आयलीस गो बाय? येवढी चढून आयलीस? बस, पानी पी."

विनिताने ओंजळ धरली. डोंगराच्या पोटातलं पाणी, बाराही महिने एकाच उबेचं. सव्वीस. तीन वर्षांत मावशींनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. एकही.

पाणी पिऊन विनिता तिथेच कातळावर बसली. ओरडायचं म्हणून जे जे ठरवून आली होती त्यातलं काहीच तिला आठवेना.

"मावशी, आपल्याला खालच्या ओहोळाचं पाणी हवंय. घाटाजवळचं. तुम्ही इतक्या वर का येता?"

मावशींनी बाटली धारेखाली धरून भरली आणि बूच घट्ट केलं. मग म्हणाल्या, "पयली बाटली धाडली व्हती मीनी. खालचीच. पुडचे बुधवारी दौलत फोनवर तुझ्याशी बोलत व्हता, मी बाजूलाच उभी. तू बोललीस, शी, काय घाण पाणी आहे हो चार नंबरचं." त्या अजूनही विनिताकडे बघत नव्हत्या. "मना लय लाज वाटली. बाटलीवर गावाचं नाव लिवलंय. ठाण्याला सायब लोक बगनार. घरान पावना आयला तं आपुन त्याला फुटक्या कपान चा देतो कं? मंग मी इथलं न्यायला लागली. तवापासून तू कवाच नाव ठेवलं नाय. उलटा चिवडा धाडलास."

विनिताला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही. पावसात, चिखलात, दर बुधवारी ही म्हातारी दोन तासांची चढउतार करत होती. आपण सहज बोललेल्या एका वाक्यापायी. आणि ते वाक्य आपल्याला आठवतसुद्धा नाही.

"आता कशाला रडतेस? चिवडा चांगला व्हता गो," मावशी घाबरून म्हणाल्या.

खाली उतरेपर्यंत विनिताने त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाणी कशासाठी मोजतात, बांध कशाला घालतात, आणि तुम्ही चांगलं पाणी पाठवलंत म्हणूनच तुमच्या ओहोळाला बांध मिळणार नाहीये. मावशी मध्येच वाटेत थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"म्हंजे यो चिखल असाच येनार?"

"हो."

"मंग आमचा घाट?"

त्या विनिताला घाटावर घेऊन गेल्या. काठाला दगडी पायऱ्या होत्या, सात. "अकरा व्हत्या," मावशी म्हणाल्या. "आमच्या मनालीच्या लगनाला आमी नवरीला रीतीपरमान घाटाव आनून पानी दावलं तवा अकरा. आमची पोर शेवटच्या पायरीवर उभी व्हती, पायाखाली दगुड व्हता. ते सालीच वरती रस्ता काडला. पयल्या पावसान एक पायरी गेली. दुसऱ्याला दोन. यंदा गनपती बुडवाला उतरलू तं अजून एक नाय. पोरांचे गुडघ्यापावत चिखल." खालच्या गाळाकडे बघत त्यांनी तोंड फिरवलं. "मरल, शिवरा, खवली, सगली मासली हितंच अंडी घालाची. आता जाळ्यान शेवाल येतंय."

विनिता उभी राहून ऐकत होती आणि हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडत होता. चार पायऱ्या. तीन पावसाळे. तीन वर्षांच्या गाळाचा हिशेब इथेच होता. तिने दौलतला हाक मारली आणि गावातून पहार मागवली. दौलत पॅन्ट दुमडून गाळात उतरला. पहार टेकवत टेकवत त्याने बुडालेली प्रत्येक पायरी शोधली. वरून मावशी सांगत होत्या, डावीकडं घे, तिथं दगुड तुटलेला हाय, आणि तिथे दगड तुटलेलाच निघायचा. शेवटच्या पायरीवर अठ्ठावीस इंच गाळ बसला होता. विनिताने त्या गाळाचे नमुने घेतले, ओहोळाच्या लाल पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. मावशींनी बघितलं आणि त्यातली एक पटकन पदराखाली झाकली.

"अशीच उघडी नेनार? फडक्यान गुंडाळ तरी."

गुरुवारी रात्री आठपर्यंत विनिता प्रयोगशाळेत होती. चार नंबरच्या पाण्यातलं खत दोन नंबरच्या तिप्पट निघालं. मग तिने जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीचं पहिलं पान. चार नंबरचा पहिला आकडा, सगळ्या तक्त्यात सर्वांत गढूळ, आणि त्यावर तिच्याच अक्षरात काट मारलेली: बाटली खराब, वगळले. एकच खरा आकडा होता तो, आणि तो तिनेच खोडला होता.

"आता हे तू समितीला सांगणार?" महेंद्र सरांनी विचारलं. रागाने नव्हे, काळजीने. "लोक विचारतील, तीन वर्षं तू एकदाही जागेवर गेली नाहीस?"

"गेले नाही, सर. तेच सांगणार आहे."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मग मीही तुझ्याबरोबर उभा राहतो. मीच ती बाटली मिरवत होतो ना."

शुक्रवारी समितीपुढे विनिताने चार नंबरचा सगळा रकाना कोरा ठेवला होता. वर फक्त पहिला आकडा, खोडलेला पुन्हा लिहिलेला. खाली पायऱ्यांची मापं. मी बाटली बघितली, ओहोळ बघितला नाही, ती म्हणाली. मावशींचं नाव तिने घेतलं ते एवढ्यापुरतंच, की पायऱ्यांचा हिशेब त्यांच्याकडून मिळाला आणि दौलतच्या पहारीने तो इंच न इंच खरा ठरला. एक सदस्य कुत्सित हसले. दुसऱ्याने विचारलं, तुमच्यावर आता विश्वास कसा ठेवायचा. ती म्हणाली, ठेवू नका, घाटावर चला.

अध्यक्षबाई मुरलेल्या इंजिनियर होत्या. पुढच्या सोमवारी त्या स्वतः आल्या, साडी वर धरून आठव्या पायरीपर्यंत उतरल्या आणि त्यांची एक चप्पल गाळात गेली ती काही परत आली नाही. बांध चार नंबरला मिळाला आणि उन्हाळ्यात बांधूनही झाला. दोन नंबरचा पुढच्या वर्षी घ्यायचं ठरलं. डंपरना ओहोळातून जायला बंदी झाली, प्लॉटवाल्यांना ओहोळावर सिमेंटची नळकांडी टाकून रस्ता उचलून घ्यावा लागला. नंदा आणि गावातल्या बायकांनी काठाने वाळ्याची रोपं लावली. मावशी म्हणे रोज जाऊन प्रत्येक रोपाला दमात घ्यायच्या.

मावशींचं बाटलीचं काम सुटलं नाही. विनिताने ते सुटूच दिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात दर बुधवारी चार नंबरची बाटली येत राहिली, फडक्यात गुंडाळून, वर सुतळी बांधून. बाकी चार बाटल्या उघड्या, ही एक बुरख्यात. उघडली की आत लाल चिखल. कार्डावर रंगाच्या जागी मावशी काहीच लिहायच्या नाहीत. तेवढं मात्र त्यांच्याच्याने होईना. विनिता फोन करून सांगायची, "मावशी, बाटली मिळाली, छान भरलीत," आणि पलीकडून फक्त "हं" यायचं.

ऑगस्टमध्ये आकडे थोडे उतरले. ऑक्टोबरमध्ये अजून थोडे. विनिता रोज सरांना सांगायची आणि सर रोज म्हणायचे, उतावीळ होऊ नको.

जानेवारीचा बुधवार उजाडला. संध्याकाळी दौलतने पेटी आणून टेबलावर ठेवली आणि काही न बोलता बाजूला उभा राहिला. हा माणूस बोलत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे विनिताच्या लक्षात आलं. तिने चार नंबरची बाटली काढली. फडकं नव्हतं. सुतळी नव्हती. आत पाणी होतं, नितळ, पलीकडचं घड्याळ स्पष्ट दिसावं असं.

पुन्हा? एवढं सगळं समजावून पुन्हा त्या वर चढून गेल्या? कोणीतरी काहीतरी बोललं असेल, समितीवाले असतील, लाज वाटली असेल. आता काय करायचं? समितीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"दौलत, मावशी वर गेलेल्या का रे?"

"कार्ड बघा ना मॅडम," दौलत म्हणाला. "त्यांनी सांगितलंय, मी आधी काय बोलायचं नाय."

विनिताने कार्ड उलटं केलं. तापमान: वीस. गिरवून गिरवून लिहिलेलं, ठसठशीत वीस. डोंगरातल्या झऱ्याचं नव्हे, थंडीत उघड्यावरून वाहत आलेल्या ओहोळाचं. आणि त्याच्याखाली, रंगाच्या जागी, वर्षभर कोरी राहिलेल्या त्या ओळीवर, मावशींनी या वेळी लिहिलं होतं: खालचंच हाय. येऊन बग.

विनिताने चष्मा पुसला. राग आलेला नव्हता, तरी पुसला. मग तिने तक्ता पुढे ओढला आणि चार नंबरच्या रकान्यात वीस लिहिलं.